ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या ताईंना

कृषी सहायक ताई,
सप्रेम नमस्कार.

आमची आजी मृगाच्या आधी गेली. तुम्हाला कळलं असेलच. तुमचे आभार मानायचे तेव्हाच राहून गेले, म्हणून हे पत्र.

आधारवर आजीची जन्मतारीख 1 जानेवारी 1935. खरी कुणालाच ठाऊक नव्हती. तेराव्या वर्षी या घरात आली. तेव्हापासून बाजरीची सोंगणी, कांद्याची लागवड, खुरपणी, शेण, चूल, जातं. 72 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन चार लेकरं जगवली. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा फडक्यात भाकरी बांधून गावातल्या बायांबरोबर गेली. लाखावर बाया जमल्या होत्या म्हणतात. आजीला मात्र धुळा आणि घोषणा तेवढ्या आठवायच्या. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीची, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची, हवा आली आणि आजोबांनी दोन एकर तिच्या नावावर केले. आजोबा गेल्यावर सगळं घर तिच्या शब्दावर चाललं. कुणाला किती गोण्या, कुणाच्या लग्नाला काय, सगळं तीच ठरवायची. पण 'माझे पैसे' म्हणायची ते फक्त त्या दोन एकरांवर येणारे पीएम किसानचे दोन हजार.

ते ई-केवायसीवर, म्हणजे मशीनवर ओळख पटवण्यावर, अडले. अंगठा लागेना. लागणार कसा? दोन्ही अंगठे काचेसारखे गुळगुळीत. एका केंद्रावर पोराने तिचा अंगठा मशीनवर दहा-बारा वेळा दाबला आणि तिच्यादेखत मला म्हणाला, "हिला ठसाच नाही, कशाला आणता?" दुसऱ्या कार्यालयात 'वरूनच येतंय, उद्या या.' असे चार उद्या झाले. शेवटच्या खेपेला ती रिक्षातून उतरलीच नाही.

मग थंडीत तुम्ही घरी आलात. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, हे तुमच्याकडूनच कळलं. पण काम झालं यापेक्षा मला आठवतं ते वेगळंच. तुम्ही मोबाइल काढला तशी आजी म्हणाली, "फोटू काढायचा, मग लुगडं नको का बदलाया?" मी वैतागलो. आजी, तो कुठे छापायचा नाहीये, म्हणालो. तुम्ही मला हातानेच थांबवलंत आणि मोबाइल पर्समध्ये ठेवलात. "बदला आजी, मला घाई नाही." अजून तीन वाड्या करायच्या होत्या तुम्हाला, मला माहीत आहे. आजीला लुगडं नेसायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ तुम्ही ओट्यावर बसून आईबरोबर बियाण्याच्या शेंगा फोडल्यात. खराब दाणे वेगळे काढत होतात, ते आईच्या लगेच लक्षात आलं. "शेतातली पोर आहे," म्हणाली नंतर.

आजी इरकली लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन आली. पापण्या मिटा म्हटल्यावर तिने जे डोळे घट्ट मिटले ते उघडेचनात. तुम्ही हसलात, आजीही हसली. कागदासाठी कुणी तिची वाट बघितल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. तुमचं काम होतं, तुम्ही केलंत, असं कुणी म्हणेल. त्या केंद्रावरच्या पोराचंही कामच होतं.

दोन हजार आले तेव्हा तिने नोटा दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा माझ्यासमोर.

यंदाचा उन्हाळ कांदा चाळीत भरताना शेवटपर्यंत तीच निवडत होती. एक गोणी बाजूला काढून म्हणाली, "ही त्या शेंगावालीची." तुम्ही घेणार नाही, नियम सांगाल. नका घेऊ, पण इकडची फेरी झाली की आमच्या ओट्यावर येऊन बसा. त्याच कांद्याची भजी करायला आई टपलेलीच आहे.

आपला,
त्या दिवशी वैतागलेला नातू