बाळाला, ऑपरेशनच्या आधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलास आणि या घोगऱ्या आवाजात मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुझं एकच म्हणणं, "आप्पा, पुन्हा शेक घ्या, आवाज तरी राहील." दोन वर्षांपूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर झाला तेव्हा आपण तेच केलं ना? आवाज राखायचा म्हणूनच ७ आठवड्यांत किरणांचे ३५ शेक घेतले. तरी गाठ परत आलीच. तो जाळीचा मुखवटा खांद्यापर्यंत आवळायचे आणि तू दाराबाहेर उभा असायचास.

तेव्हा गळ्याला किरणांची ७० ग्रे मात्रा बसली, ग्रे म्हणजे किरण मोजायचं माप. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली तरी भोवतालचं मांस ती मात्रा विसरत नाही. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडी ताठरते. पुन्हा तेवढेच शेक दिले तर स्वरयंत्राची कूर्चा सडू शकते, मानेतली मोठी धमनी फुटू शकते. खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉन किरणांचे शेक देतात, त्याचंही मी विचारलं. तो किरण शेजारचे अवयव वाचवतो, पण माझी गाठ त्याच भाजल्या जागेत उगवलीय. ऑपरेशन शक्य नसेल तर काहींना दुसऱ्यांदा शेक देतात. माझं शक्य आहे. सगळं अंग तपासणाऱ्या पेटस्कॅनमध्ये गाठ दुसरीकडे कुठे गेलेली दिसली नाही. हे आपलं मोठं नशीब, बाळा.

तर स्वरयंत्र पूर्ण काढणार. शेकलेल्या जागेची जखम लवकर भरत नाही, लाळ झिरपते, म्हणून छातीचा स्नायू वर वळवून आधार देणार आहेत. श्वास मग कायमचा गळ्याच्या भोकातून. नाकातून हवा जाणार नाही, वासही फारसा येणार नाही. आईने बोंबील भाजले तरी मला बघूनच कळायचं. पुढे श्वासनळी आणि अन्ननलिकेच्या मध्ये छोटी झडप बसवली की भोकावर बोट धरून बोलता येतं. वॉर्डात असे एक गृहस्थ भेटले. "चहा घेणार का?" म्हणाले. शब्द न् शब्द कळला. तिथून उठून मी सही करून आलो.

दुसरीत असताना तू माझं विड्यांचं बंडल विहिरीत टाकलंस आणि मी तुला मारलं. ते अजून मनातून जात नाही.

मंगळवारी ऑपरेशन. बुधवारी संध्याकाळी आई फोन लावेल. २८ वर्षं एसटीत घंटेची दोरी ओढली मी. नखाने फोनवर वाजवीन. डबल बेल ऐकू आली की गाडी सुटली समज.

तुझा
आप्पा