‘समजलं ना?’ एवढ्यावर भागत नाही

महोदय,

एमबीबीएसच्या २०१९ च्या तुकडीपासून वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण देणारा ‘एटकॉम’ हा भाग अभ्यासक्रमात आला, हे स्वागतार्हच आहे. परंतु वर्गातल्या चर्चेत शिकलेल्या संवादाची खरी कसोटी लागते ती ओपीडीच्या गर्दीत, आणि तिथे तो तपासायला बहुधा कोणी नसते.

शेजारच्या आजींना मी जिल्ह्यातील एका रुग्णालयात घेऊन गेलो होतो. शिकाऊ डॉक्टर अदबीने बोलत होता. केसपेपरवर लिहिता लिहिता त्याने सांगितले, “प्रेशर आता नॉर्मल आहे, गोळी चालू ठेवा, समजलं ना?” आजींनी मान डोलावली आणि रिक्षात बसताच मला विचारले, “नॉर्मल आलंय, तर गोळी कशाला?” ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी आणि किती दिवस घेणार, ते मला सांगा,’ असे त्याने विचारले असते, तर हा गैरसमज तिथल्या तिथे उघड झाला असता. ‘समजलं ना?’ला आपल्याकडे कोणी ‘नाही’ म्हणत नाही, डॉक्टरांसमोर तर नाहीच.

डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांतच मध्ये तोडतात, असे अमेरिकेतील एका अभ्यासात १९८४ मध्येच दिसून आले होते. आपल्या ओपीडीतील रांग पाहता घाई समजू शकते. पण आजींसारखा रुग्ण गोळी सोडून महिन्याभराने पुन्हा त्याच रांगेत येतो, तेव्हा वाचवलेला वेळ गेला कुठे?

कळवा, नेरुळ, कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील इंटर्नशिपच्या वर्षभरात प्रत्येक विभागात निदान एकदा वरिष्ठ डॉक्टरांनी बाजूला उभे राहून संपूर्ण संभाषण ऐकावे आणि त्याची नोंद लॉगबुकात करावी. रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींकडून सराव करून घेण्याची पद्धत अमेरिकेतील डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. ठाण्यात तर हौशी नाट्यकलावंतांची वानवा नाही. आगरी बोलणारे काका, अर्धवट माहिती देणारी सून, रिपोर्ट ऐकून गप्प होणारा तरुण, हे सगळे त्यांना सहज उभे करता येतील. वाईट बातमी सांगण्याचा सराव तर याच मार्गाने व्हावा, कारण तो खऱ्या नातेवाइकांवर करणे क्रूरपणाचे आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि संबंधित अभिमत विद्यापीठांनी इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला दिला जाताना या नोंदी पाहण्याची अट घालावी, अशी विनंती आहे.

— एक ज्येष्ठ नागरिक, पाचपाखाडी, ठाणे