फिशगार्डहून पत्र : वेल्सच्या किनाऱ्यावरचे सण आणि कवितेचा मान

फिशगार्ड, पेम्ब्रुकशायर, वेल्स
२५ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा व आईस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाचा वृत्तांत सांगणारे तुमचे पत्र मिळाले. ग्रंथदिंडीपासून समारोपापर्यंत सारे तुम्ही इतके बारकाईने लिहिले आहे की दोन वेळा वाचूनही समाधान झाले नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे, "तिकडची माणसे आपल्या भाषेसाठी अशी एकत्र जमतात का? त्यांचे सणवार कसे असतात?" हा प्रश्न फोनवर उरकण्याजोगा नाही, म्हणून सवड काढून लिहीत आहे.

आधी या भागाची थोडी ओळख करून देते. पेम्ब्रुकशायर हा वेल्सचा नैर्ऋत्येकडचा टोकाचा जिल्हा असून त्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. इथला किनारा १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे आणि त्याच्या कडेकडेने जाणारी पायवाट २९९ किलोमीटर लांब आहे. जिल्ह्याचे भाषेच्या दृष्टीने दोन भाग पडतात. बाराव्या शतकात नॉर्मन राजवटीने दक्षिण भागात फ्लेमिश आणि इंग्रज वसाहती बसवल्या. तेव्हापासून दक्षिणेत इंग्रजी आणि उत्तरेत वेल्श असा भेद आजतागायत टिकून आहे, आणि मधल्या सीमेला लोक लँडस्कर म्हणतात. आमचे फिशगार्ड उत्तरेत येते. हा भेद सणांतही दिसतो. दक्षिणेकडचे उत्सव समुद्राभोवती फिरतात, तर उत्तरेकडचे बहुतेक सारे गाण्याभोवती आणि शब्दाभोवती.

नुकताच पाहिलेला सण आधी सांगते. फिशगार्डजवळ ग्वाइन नदीचे एक अरुंद, झाडीने भरलेले खोरे आहे. तिथले लोक नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर १३ जानेवारीला साजरे करतात. त्या सणाला हेन गालान म्हणतात. त्यामागे पंचांगाची गोष्ट आहे. ब्रिटनने १७५२ मध्ये जुने ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचे कॅलेंडर स्वीकारले, तेव्हा सप्टेंबर महिन्यातले ११ दिवस गाळले गेले. २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र आपला वर्षारंभ जुन्या गणतीनेच चालू ठेवला. पुढे १८०० साली दोन्ही गणतींत आणखी एका दिवसाचे अंतर पडले आणि तो १३ जानेवारीवर आला. सरकारी कागदावर तारीख बदलली म्हणून आपला सण कशाला बदलायचा, असा हा साधा आणि ठाम आग्रह आहे, आणि तो पावणेतीनशे वर्षे टिकला आहे याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझ्याबरोबर रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका त्याच खोऱ्यातली आहे. ती मला यंदा आपल्या माहेरी घेऊन गेली. सकाळपासून मुलांचे घोळके एका शेतघराहून दुसऱ्या शेतघराकडे जात होते. पाऊस पडत होता, अंगणात चिखल होता, पण मुले आत न येता उंबऱ्यापाशीच एका रांगेत उभी राहिली, सगळ्यात मोठ्या मुलीने सूर दिला आणि सर्वांनी मिळून नव्या वर्षाच्या शुभेच्छांची वेल्श कडवी म्हटली. गाणे संपेपर्यंत घरातले कोणी हलले नाही. मग आजीबाईंनी स्वयंपाकघरातल्या फडताळावरून नाण्यांची वाटी आणि खाऊचा डबा खाली घेतला आणि प्रत्येकाच्या हातात थोडे थोडे ठेवले. या देण्याला कलेनिग म्हणतात. सगळ्यात धाकटा मुलगा चारेक वर्षांचा असेल. त्याला दुसरे कडवे येत नव्हते, तेव्हा आजीबाईंनी ते त्याच्याबरोबर हळूहळू म्हटले आणि मगच त्याचे नाणे त्याला दिले. त्या दिवशी तुमच्याकडे भोगी होती. आई, तुझ्या हातच्या बाजरीच्या भाकरीची आणि भोगीच्या भाजीची आठवण झाली, हे सांगायला नकोच.

दक्षिणेकडे याच सुमारास लोक समुद्रात उतरतात. टेन्बी या बंदराच्या गावी १९७० पासून नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आणि जवळच्या साँडर्सफुटला १९८४ पासून १ जानेवारीला, शेकडो माणसे चित्रविचित्र पोशाख करून थंडगार लाटांत धावत जातात आणि त्यातून धर्मादाय संस्थांसाठी निधी उभा करतात. मी काठावर उभी राहून पाहिले. हौस आणि परोपकार यांचा हा मेळ मला आवडला, परंतु मन ओढले जाते ते उत्तरेकडेच.

आता पाच आठवड्यांनी, १ मार्चला, वेल्सचा संरक्षक संत डेव्हिड याचा दिवस येईल. परंपरेनुसार हा त्याच्या निधनाचा दिवस असून ते साल ५८९ मानतात. त्याचे मूळ स्थान आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेच्या टोकाला आहे. सेंट डेव्हिड्स हे जेमतेम एका मोठ्या खेड्याएवढे गाव आहे, पण कॅथीड्रलमुळे त्याला शहराचा दर्जा आहे, आणि ते ब्रिटनमधले सर्वांत कमी वस्तीचे शहर आहे. बाराव्या शतकात पोप कॅलिक्स्टस दुसरे यांनी ठरवून दिले होते की या ठिकाणच्या दोन यात्रांचे पुण्य रोमच्या एका यात्रेइतके धरावे. आजही यात्रेकरू किनाऱ्याच्या वाटेने चालत येतात. १ मार्चला गावोगावी मिरवणुका निघतात, लोक छातीवर डॅफोडिलचे फूल किंवा लीक नावाची कांद्याच्या कुळातली भाजी लावतात, शाळेतल्या मुली लाल शाल आणि उंच काळी टोपी घालतात आणि घरोघरी काउल शिजते. काउल म्हणजे मेंढीचे मांस, लीक, बटाटे आणि कंदभाज्या घालून मंद आचेवर केलेला दाट रस्सा. खेदाची बाब ही की या दिवशी वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टी नसते. अनेकदा मागणी होऊनही लंडनच्या सरकारने ती मान्य केलेली नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

वसंत ऋतूतला सण टाइवी नदीच्या मुखाशी वसलेल्या कार्डिगन गावात असतो. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिथे बार्ली सॅटर्डे भरतो. तो १८७१ पासून चालत आला आहे. सातूची पेरणी आटोपली की शेतकरी गावात यायचे, मजूर ठरवायचे आणि घोडीसाठी चांगला वळू घोडा पाहून ठेवायचे. आता मजूर ठरवले जात नाहीत, पण वेल्श कॉब जातीचे घोडे अजूनही भर रस्त्यातून धावत नेतात. गुडघे छातीपर्यंत उचलत तो उमदा घोडा येतो, त्याचा लगाम धरलेला माणूस त्याच्या बरोबरीने धावत असतो आणि अरुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे भिंतीला पाठ लावून उभी असतात. मागून जुने ट्रॅक्टर आणि जुन्या मोटारगाड्या येतात. बाबा, बैलपोळ्याला तुम्ही मला खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवायचा, तोच आनंद इथल्या वडिलांच्या चेहऱ्यावर मी पाहिला.

मेपासून सप्टेंबरपर्यंत तर एकही आठवडा रिकामा जात नाही. मेअखेर आमच्या फिशगार्डला लोकसंगीताचा महोत्सव, त्याच सुमारास सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलमध्ये अभिजात संगीताचा सप्ताह, उन्हाळ्यात पुन्हा फिशगार्डला १९७० साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव, ऑगस्टमध्ये हॅवरफोर्डवेस्टजवळ जिल्ह्याचे कृषिप्रदर्शन आणि किलगेरनला कॉरकल नावाच्या वाटोळ्या होड्यांच्या शर्यती, सप्टेंबरमध्ये नार्बर्थचा खाद्यमहोत्सव आणि टेन्बीची आयर्नमन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांची लांब पल्ल्याची स्पर्धा. ही यादी आणखी वाढवता येईल, पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे वळते.

तुमच्या संमेलनाला जवळचे असे काही इथे असेल, तर ते आइस्तेदवॉद, म्हणजे वेल्श भाषेतल्या कविता, गाणे आणि कलांच्या स्पर्धांचा मेळा. त्याचा उगम आमच्या शेजारीच झाला. कार्डिगनच्या किल्ल्यात ११७६ सालच्या नाताळात रीस आप ग्रिफिद या राजपुरुषाने कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली होती. तिची दवंडी वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये पिटली गेली होती, आणि विजेत्या कवीला आणि विजेत्या वादकाला एकेक खुर्ची बहाल केली गेली. आजचे राष्ट्रीय आइस्तेदवॉद १८६१ पासून भरते. दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एक वर्ष उत्तर वेल्समध्ये तर पुढच्या वर्षी दक्षिणेत, असे ते फिरत राहते. १९५० पासून त्याचा कडक नियम आहे की मंचावर फक्त वेल्श भाषा चालेल. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १८ टक्क्यांहूनही थोडे कमी भरले. आपण २०११ च्या मोजणीत ८ कोटींच्या वर होतो. एवढ्या थोड्या माणसांची ही भाषा आठ दिवस एका माळरानावर नाटक, समूहगान, वाद, विज्ञान, बालगीते, सगळे काही स्वतःतच करते.

या सोहळ्याचा मुकुटमणी म्हणजे शुक्रवारचा खुर्चीचा समारंभ. कवींनी आपल्या कविता टोपणनावाने पाठवलेल्या असतात. त्या जुन्या कडक छंदांत लिहाव्या लागतात. प्रत्येक ओळीत व्यंजनांची आणि यमकांची विशिष्ट गुंफण पाळावी लागते. बाबा, मोरोपंतांची आर्या तुम्ही ज्या बारकाईने शिकवायचा, तशीच कसोटी समजा. मंचावर परीक्षक आपला अभिप्राय मोकळेपणाने वाचतात आणि कोणतीच कविता त्या तोडीची नसेल तर खुर्ची कोणालाही देत नाहीत. योग्य कविता असेल तर टोपणनाव पुकारले जाते, तुतारी वाजते, आणि त्या टोपणनावाच्या कवीने उभे राहावे असे सांगितले जाते. हजारो माणसे अंधारात इकडेतिकडे पाहू लागतात. शेजारी बसलेला माणूसच विजेता असू शकतो. मग कुठल्याशा रांगेतून एक जण उठतो, प्रकाशझोत त्याच्यावर पडतो, त्याला झगा घालून मंचावर नेले जाते. प्रमुख पुरोहित मोठी तलवार अर्धी उपसून सभेला तीनदा विचारतात, "शांतता आहे ना?" आणि सारी सभा तिन्ही वेळा एका आवाजात "शांतता" असे उत्तर देते. त्यानंतरच कवी त्या वर्षासाठी खास घडवलेल्या लाकडी खुर्चीत बसतो आणि ती खुर्ची कायमची त्याच्या घरी जाते.

१९१७ साली मात्र टोपणनाव पुकारूनही कोणी उठले नाही. तो कवी, हेद विन, पाचच आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला होता. तेव्हा ती खुर्ची काळ्या कापडाने झाकण्यात आली. इथल्या शाळेतल्या मुलांनाही ही हकिकत तोंडपाठ असते.

बाबा, तुमच्याशी स्पष्ट बोलते. आपल्या संमेलनात ग्रंथविक्री उत्तम होते, अध्यक्षीय भाषण गाजते, वादही गाजतात, पण एका नव्या कवितेसाठी सारा मांडव श्वास रोखून बसला आहे, असे दृश्य मी आपल्याकडे पाहिलेले नाही. इथे भाषेविषयी भाषणे कमी आणि भाषेतून केलेले काम जास्त असते. चार वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला तिथे काहीतरी करून दाखवायचे असते, आणि त्याची तयारी वर्षभर गावोगावच्या छोट्या स्पर्धांत चाललेली असते. आपल्या संमेलनाने एवढे एकच उचलले तरी मोठे काम होईल, असे मला मनापासून वाटते. तुम्ही मंडळात हा विषय जरूर काढावा.

आणि आनंदाची बातमी अशी की कार्डिगनच्या त्या पहिल्या मेळ्याला यंदा ८५० वर्षे होत आहेत आणि १ ते ८ ऑगस्टचे राष्ट्रीय आइस्तेदवॉद आमच्याच भागात, कार्डिगनजवळच्या लानटूड गावी भरणार आहे. त्याला निळ्या दगडाचे आइस्तेदवॉद असे नाव दिले आहे, कारण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचे निळे दगड आमच्या प्रेसेली डोंगरातून गेलेले आहेत. या उत्सवासाठी यजमान भागातली गावे स्वतः निधी जमवतात. आमच्याकडे त्यासाठी चर्चच्या सभागृहात गाण्याची एक संध्याकाळ ठेवली होती, तेव्हा मी कांदाभजी तळून दिली. पहिला घाणा निघेपर्यंत चार सुरांतले समूहगान सुरू झाले होते. पुस्तकाशिवाय, पेटीशिवाय, शेतकरी, शिक्षक आणि दुकानदार आपापला सूर धरून गात होते, आणि भजी खायला येणारेही रांगेत उभे राहून आपल्या सुरात गातच होते. मी वेल्शच्या प्राथमिक वर्गाला जाते, त्यामुळे धृपदापुरती मीही गायले.

तेव्हा माझी विनंती अशी की तुम्ही दोघांनी यंदा ऑगस्टमध्ये इकडे यावे. भाषेची अडचण होणार नाही, कारण श्रोत्यांना कानाला लावायचे यंत्र मिळते आणि त्यातून इंग्रजी भाषांतर ऐकता येते. आई, तुझ्यासाठी फिशगार्डच्या वाचनालयाजवळ एक वेगळीच गोष्ट आहे. १७९७ साली फ्रेंच सैनिक इथल्या किनाऱ्यावर उतरले आणि दोनच दिवसांत शरण आले, त्या प्रसंगाचा सुमारे ३० मीटर लांबीचा भरतकामाचा पट गावातल्या बायकांनी भरून तिथे लावला आहे. तुझ्या भरतकामाच्या नजरेला तो तपशिलाने पाहावासा वाटेल.

व्हिसासाठी तुमचे बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, पेन्शनचा दाखला आणि पासपोर्टच्या प्रती लागतील. बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत या वर्षी संपते आहे, तो आधी नवा करून घ्यावा. निमंत्रणाचे पत्र आणि माझ्या नोकरीची कागदपत्रे मी वेगळ्या पाकिटाने पाठवत आहे. शुक्रवारच्या समारंभाची तिकिटे लवकर संपतात, म्हणून मार्चअखेरपर्यंत निर्णय कळवावा. सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगावेत.

आपली आज्ञाधारक,
सुमेधा