चिरंजीवांस, पोटाच्या दुखण्याबाबत

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू आलास तेव्हा तुझ्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक माझ्या नजरेस पडले, आणि रोज सकाळी चहाआधी तू पँटोप्राझोलची गोळी घेतोस हेही दिसले. विचारल्यावर तू म्हणालास की जागरणांमुळे ॲसिडिटी होते. जागरणाने जळजळ होत असेलही. पण काही न करता वजन उतरावे, हे मला ठीक वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वीचे माझे दुखणे तुम्हा मुलांना आम्ही पुरते सांगितले नव्हते. गुडघ्यासाठी मी औषधाच्या दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेत असे आणि पोट जळू लागले की त्यावर ॲसिडिटीची गोळी. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे, चिकट झाले; आदल्या रात्रीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याला दोष देऊन मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हिमोग्लोबिन 7 निघाले. जठरात किंवा त्याच्या लगेच पुढे रक्तस्राव झाला, की ते रक्त आतड्यातून सरकताना पचून काळे पडते, हे मला तेव्हा समजले.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला पोटविकारतज्ज्ञांकडे धाडले. हे डॉक्टर एम.डी.नंतर आणखी तीन वर्षे डी.एम. ही पोटविकारांची पदवी करतात, आणि अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचा सारा मार्ग, शिवाय यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड हे त्यांचे क्षेत्र असते. त्यांनी आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. मग घशात बधिर करणारे औषध फवारून, डाव्या कुशीवर निजवून, करंगळीहून बारीक नळीची दुर्बीण आत घातली. मला फार धास्ती होती, पण दहा मिनिटांत सारे आटोपले. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण, म्हणजे अल्सर, होता. जठराच्या अस्तराचा कण तपासल्यावर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. अल्सर हा केवळ तिखटाचा आणि काळजीचा आजार नव्हे, हे 1982 मध्ये हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांच्यामुळे जगाला कळले, आणि 2005 चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. चौदा दिवसांच्या औषधांनी माझा जंतू गेला. अशा वेदनाशामकानेही व्रण होतो, म्हणून डायक्लोफेनॅक मात्र कायमचे सुटले.

तुझी गोळी वाईट नाही, पण ती जळजळ शमवते आणि खाली काय चालले आहे ते झाकून ठेवू शकते. गिळताना घास अडकणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, कावीळ, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा आपोआप घटणारे वजन, यांपैकी एकही असेल तर दुकानदाराचा सल्ला पुरत नाही. छातीतल्या जळजळीसोबत घाम आला किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे गेले, तर मात्र पोटाचे म्हणून थांबू नकोस. तडक इस्पितळात जाऊन ईसीजी काढ.

याच आठवड्यात वेळ घे. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे आणि वजन कधीपासून घटले ते कागदावर लिहून ने. जंतूची तपासणी करायची ठरल्यास पँटोप्राझोल दोन आठवडे आधी थांबवावे लागते, तेव्हा ते डॉक्टरांना विचार, मनाने बंद करू नकोस. दुर्बिणीच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, आणि गुंगीचे इंजेक्शन दिले तर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. तारीख कळव, मी आदल्या रात्रीच्या एसटीने येतो.

तुझे,
बाबा