प्रत्येक बुजवलेली खिडकी टॅक्समुळे नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या जॉर्जियन (साधारण अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या) दुकानांवर लेख आला, आवडला, पण त्यात दोन नेहमीच्याच चुका आल्यात म्हणून लिहितोय. मी सध्या मुलीकडे लंडनला आहे. युस्टन स्टेशनजवळ वोबर्न वॉक म्हणून छोटीशी गल्ली आहे, थॉमस क्युबिट या बिल्डरने १८२२ मध्ये बांधलेली, सकाळचं फिरणं तिकडेच असतं त्यामुळे ती ड्यूक्स रोडला मिळते त्या कोपऱ्यापर्यंतची सगळी दुकानं आता तोंडपाठ झालीत.

पहिली गोष्ट, खिडक्या. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की ती विंडो टॅक्समुळे, म्हणजे घराच्या खिडक्या मोजून लावलेल्या करामुळे, असं तुमच्या लेखासारखंच गाईडपण सांगतात. टॅक्स होता, १६९६ ते १८५१, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्याही. पण कोपऱ्यावरच्या घराची बाजूची भिंतही रस्त्यावर येते, आतून बऱ्याचदा तिथेच शेकोटीची धुराडी वर गेलेली असतात, मग खिडकी काढणार कुठून? आणि भिंत बोडकी ठेवली तर शोभा जाते, म्हणून मुळातच खिडकीच्या आकाराचा कोनाडा ठेवायचे. ओळखायचं कसं, तर जवळ जाऊन विटा बघायच्या. कडेच्या विटा एकमेकींत गुंतलेल्या असतील तर तो कोनाडा पहिल्यापासूनचा, आणि सरळ उभी रेघ दिसली तर नंतर बुजवलाय. (गिलावा असेल तर काही कळत नाही, वोबर्न वॉकला हीच अडचण.)

दुसरं म्हणजे लेखातला फोटो. मधोमध भोवरा असलेली जाड हिरवट काच, खाली "अस्सल जॉर्जियन". अहो, तेव्हा काचेचा फुगा फुंकून तो गरगर फिरवून चारेक फुटांची चकती करायचे आणि तिचे चौकोन कापायचे, म्हणून तर दुकानाच्या खिडकीत एवढे छोटे छोटे चौकोन. फिरवायची सळई जिथे चिकटलेली असायची तो मधला भोवरा म्हणजे स्वस्तातला उरलेला तुकडा, तो मागच्या दाराला नाहीतर गोठ्याला जायचा. वर काचेवर १७४५ पासून वजनावर कर, म्हणजे काच जितकी पातळ तितकी बरी. माल दाखवायला बसलेला दुकानदार आपल्याच खिडकीत आरपार न दिसणारी काच कशाला लावेल? फोटोतली बहुतेक नंतरच्या हौशी लोकांनी जुनं दिसावं म्हणून बसवलेली असणार.

या दुकानांची ती किंचित बाहेर फुगलेली खिडकी पण नुसती फॅशन नव्हती. १७७४ च्या कायद्याने रुंद रस्त्यावर १० इंच आणि अरुंद गल्लीत ५ इंच, एवढीच खिडकी पुढे काढता यायची, त्यामुळे तो फुगवटा असा पोट आत ओढून उभं राहिल्यासारखा दिसतो. आणि रात्री दुकान बंद करताना बाहेरून एकेक फळी लावायचे, हे वाचल्यावर मला आमच्या आजोबांचं किराणा दुकान आठवलं. खाचेत सरकवायच्या फळ्या, प्रत्येकीवर खडूने नंबर, आणि पाच नंबरची पावसाळ्यात फुगून कधीच बसायची नाही.

तेवढी फोटोखालची ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करता आली तर बघा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे (सध्या लंडन)