घाबरवायचंच तर नीट घाबरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने मेंदू पोखरला जातो, हे ज्ञान रविवारच्या पुरवणीतून मिळालं. सोमवारी सकाळी आमच्या ह्यांनी गोळी बशीत तशीच ठेवली आणि तुमच्या पेपरावर बोट ठेवलं. साडेदहाला बाथरूमच्या उंबऱ्यात पाय खिळल्यासारखे उभे! मी आणि कामवाल्या मावशी, दोघींनी धरून खुर्चीत आणलं. लेखकमहाशयांचे आभार.

याच प्रश्नावर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्येच छापून आलेत. गोळी लगेच सुरू केलेले आणि ४० आठवडे उशिरा सुरू केलेले, ८० आठवड्यांनंतर दोघांची अवस्था सारखीच. पुढे पुढे गोळीचा असर लवकर उतरतो, हातपाय वेडेवाकडे हलतात, हे खरंच. आम्ही रोज बघतो. पण पोखरायचं काम आजारच करतो. आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, एवढी एक ओळ चौकटीत टाकायला जागा नव्हती?

घाबरवायचंच होतं तर पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळीवर, प्रामिपेक्सोलवर लिहायचं. ती चालू असताना, जन्मभर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस केलेला हा माणूस गुपचूप लॉटरी खेळायला लागला. उशीच्या अभ्र्यात तिकिटांची चळत सापडली, तारखेनुसार लावून वर रबरबँड. रिटायर्ड ऑडिटर ना! घरात जे रामायण झालं ते छापण्याजोगं नाही. दीर म्हणाले, म्हातारचळ. डॉक्टरांनी गोळी लिहून देताना चकार शब्द काढला नव्हता, मुलीने खोदून विचारलं तेव्हा म्हणतात, "हो, काहींना होतं तसं." काहींना! अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांच्या पाहणीत (२०१०) या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांतला कसला ना कसला नाद लागलेला आढळला होता. डोस हळूहळू उतरवला आणि तिकिटं थांबली.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाखाली जाहिरात: कवचबीज चूर्ण, पार्किन्सन मुळापासून बरा, साइड इफेक्ट शून्य. कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत असतं ते लेव्होडोपाच! वरच्या कॉलमात विष, खालच्यात अमृत. गोळी चालू असताना कुणी वर चमचाभर हे खाल्लं, तर पोटात एकूण किती गेलं हे सांगणार कोण? तुमचा जाहिरात विभाग?

खुलासा त्याच पुरवणीत छापावा. टाइप जरा मोठा ठेवा, ह्यांना भिंग हातात धरवत नाही.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)