घट बसायच्या आत साम्रदला

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर माझं कुणी पूर्ण ऐकून घेत नाही, म्हणून लिहितेय. बाबा, काजवे बघायला जायचा हट्ट सोडा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाडीला गाडी लागते. बिचारे काजवे उजेडावरच जोडीदार शोधतात आणि आपण तिथे हेडलाइट लावून फिरायचं! शिवाय त्या दिवसांत वरच्या वाड्यांना पाण्याचे हाल असतात. पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण या कातळात पाणी ठरत नाही. बायका हंडे घेऊन लांब जातात. त्यातून आपल्या अंघोळीच्या बादल्या कशाला?

आजोबांची तिथी झाली की घट बसायच्या आत तिकडच्याच साम्रद गावाला निघू. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, खाचरांत भात उभं असतं आणि घाटघरच्या पठारावर सोनकी पिवळीधम्मक पसरलेली असते. साम्रद म्हणजे मूठभर घरं, पण पाठीशी रतनगड आणि समोर अलंग-मदन-कुलंग. अंगणात खुर्ची टाकली की झालं. घाटघरच्या कोकणकड्याजवळ गाडी जाते; ढग बाजूला झाले तर कोकण थेट पायाखाली दिसतं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळही रस्त्यालगतच आहे, तेव्हा आईच्या गुडघ्यांची काळजी नको. देवळाच्या खांबांवरची नक्षी मात्र घाईने बघायची नाही.

साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरायचं नाही, बाबा. आधीच सांगते. दोन-अडीचशे फूट उंच भिंतींमधली चिंचोळी फट, खाली सगळे दगड, आणि पाऊस आलाच तर पाणी त्याच वाटेने येतं. त्या दिवसांत गावातले वाटाडेही कुणाला नेत नाहीत. तुम्ही जवानीत हरिश्चंद्रगड कितीदा केलात ते मला पाठ आहे. तोंडाशी उभं राहून बघू.

राहायचं गावातल्याच एका घरी. जेवायला भाकरी, पिठलं, इंद्रायणीचा भात. आई, 'त्यांना त्रास कशाला' म्हणून डबे भरू नकोस. पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे हीच त्यांची भातानंतरची कमाई. नाहीतर कापणी झाली की कितीतरी माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, तिथे औषधाचं दुकान जवळ नाही. रेंजही धड नसते, तेव्हा ताईला आधीच कळवून ठेवा, नाहीतर ती पोलिसांत जाईल. तिथीची तारीख कालनिर्णयात बघून कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची,
सुमी